फिडल गेली, व्हायोलिनं आली

२८ नोव्हेंबर १९२५ च्या रात्री टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात अंकल जिमी थॉम्पसन हा ७७ वर्षांचा फिडलवादक रेडिओच्या मायक्रोफोनसमोर बसला आणि वाजवत राहिला. केंद्राचं नाव डब्ल्यूएसएम. ते सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. मालक होती नॅशनल लाइफ अँड ॲक्सिडेंट ही विमा कंपनी, आणि केंद्राच्या नावातली तिन्ही अक्षरं कंपनीच्या ब्रीदवाक्यावरून घेतलेली होती. तिचे एजंट गिरणीकामगारांच्या, खाणकामगारांच्या, लहान शेतकऱ्यांच्या दारोदार फिरून थोड्याथोडक्या पैशांचे हप्ते गोळा करत. अशा घराचं दार उघडायचं तर काही ओळख सांगावी लागते. शनिवारी रात्रीचा गावरान गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ही ती ओळख झाली. पुढे त्याला ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणू लागले आणि कंट्री संगीताचं ते मुख्य पीठ बनलं.

कंट्री संगीत आपल्या मुळांपासून दूर पॉपकडे कसं गेलं, ही गोष्ट बहुतेक जण ॲपलाचियन डोंगरांतून सुरू करतात. तिथे निर्मळ लोकगीतं होती, मग शहर आलं, पैसा आला, भेसळ झाली, असा तिचा साचा. मी विमा कंपनीपासून सुरुवात केली, कारण या संगीताने घेतलेलं प्रत्येक मोठं वळण समजून घ्यायचं तर त्या वेळी रेडिओचा खर्च कोण करत होतं हे आधी पाहावं लागतं. गायकांची आवड, श्रोत्यांची आवड हे सगळं त्यानंतर.

डोंगरांतलं ते संगीतही कधी निर्मळ नव्हतं. स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्यांची कथागीतं त्यात होती, गुलामांनी आफ्रिकेतून आठवणीत आणलेला बॅन्जो होता, चर्चमधली भजनं होती, फिरत्या नाटकमंडळ्यांची गाणी होती. कंट्रीची खूण मानली जाणारी स्टील गिटार तर हवाई बेटांवरून आली. आपल्याकडे व्हॅन शिपलींच्या वाद्यतबकड्यांवर हिंदी चित्रपटगीतं गाणारी गिटारही त्याच घराण्यातली. ऑप्रीच्या पहिल्या वर्षांतल्या सर्वांत लोकप्रिय वादकांपैकी एक होता डिफोर्ड बेली, माउथ ऑर्गनवर आगगाडी पळवणारा काळा कलावंत. १९४१ मध्ये त्याला कार्यक्रमातून काढून टाकण्यात आलं.

आणि साधेपणाही पुष्कळसा बेतलेला होता. ऑप्रीचा सूत्रधार जॉर्ज हे याने वादकांना सूट-टाय उतरवून शेतावरचे कपडे घालायला लावले, वाद्यवृंदांना रानटी वाटतील अशी नावं दिली. ‘पॉसम हंटर्स’ या वृंदाचे प्रमुख हम्फ्री बेट हे व्यवसायाने डॉक्टर होते! श्रोत्याला आपल्या मागे राहिलेल्या गावाचं चित्र हवं होतं, आणि जॉर्ज हे ते पुरवत होता.

रेकॉर्ड कंपन्यांचं वेगळं नव्हतं. १९२३ च्या जूनमध्ये ॲटलांटात फिडलिन जॉन कार्सनचं ध्वनिमुद्रण झालं ते एका फर्निचर-दुकानदाराच्या आग्रहामुळे. तेव्हा ग्रामोफोन फर्निचरच्या दुकानात मिळत, आणि ग्रामोफोन खपवायला तबकड्या लागत. ध्वनिमुद्रण करणाऱ्या राल्फ पीअरला ते गाणं भयंकर वाटलं. त्याने दुकानदारापुरत्या ५०० प्रती काढून दिल्या. त्या हातोहात गेल्या. वर्षभराने व्हर्नन डालहार्टने ‘द प्रिझनर्स साँग’ म्हटलं आणि कंट्रीची पहिली दहा लाखांवर खपलेली तबकडी झाली. हा डालहार्ट न्यूयॉर्कात ऑपेरा गात असे. म्हणजे या संगीताचं पहिलं प्रचंड यशच शास्त्रोक्त शिकलेल्या, गावरान उच्चार मुद्दाम धारण केलेल्या गायकाचं होतं.

त्याच पीअरने १९२७ च्या जुलैअखेर व्हर्जिनिया-टेनेसीच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात यंत्रं मांडली. तिथे एकाच आठवड्यात त्याला कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स सापडले. ए. पी. कार्टर डोंगरांतून गाणी गोळा करत हिंडे. लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक बरोबर असे आणि चाली ध्यानात ठेवी. कार्टर मंडळी घर, आई, देव, मरण यांची गाणी म्हणत. रॉजर्स हा क्षयाने खंगलेला रेल्वेकामगार. त्याच्या गाण्यात ब्लूज होता, दारू होती, भटकंती होती, आणि ज्याच्याबरोबर सूर जुळेल त्याच्याबरोबर तो गायला तयार असे. १९३० मध्ये त्याने लुई आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटबरोबर ध्वनिमुद्रण केलं. १९३३ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी तो गेला. घराकडे ओढणारं आणि बाहेर पळणारं, अशी दोन्ही मनं या संगीतात पहिल्या आठवड्यापासून आहेत.

दुसऱ्या महायुद्धाने दक्षिणेतल्या लाखो माणसांना डेट्रॉइटच्या कारखान्यांत, कॅलिफोर्नियाच्या गोद्यांत, सैन्याच्या छावण्यांत नेलं. त्यांच्याबरोबर त्यांची गाणीही गेली. १९५० मध्ये पॉप गायिका पॅटी पेजने ‘टेनेसी वॉल्ट्झ’ हे कंट्री गाणं गाऊन लाखो प्रती खपवल्या. १९५१ मध्ये कंट्री गायक हँक विल्यम्सचं ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ टोनी बेनेटने वाद्यवृंदासह गायलं आणि ते पॉपच्या यादीत अव्वल ठरलं. हँकचा आवाज नाकातून येणारा, काठावर चिरकणारा. त्याच्या शब्दांत माणसाला उघडं पाडायची ताकद होती. न्यूयॉर्कच्या कंपन्यांनी त्यातून हिशेब काढला की गाणं कंट्रीचं घ्यावं, गळा मात्र शहरी असावा. १ जानेवारी १९५३ ला ओहायोतल्या कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या सीटवर हँक मरण पावला. वय २९. नॅशव्हिलच्या मनात एक प्रश्न मागे राहिला: आपली गाणी जर सगळ्या देशाला हवी आहेत, तर ती विकणारे न्यूयॉर्कचे का?

याचं उत्तर शोधायला वेळ मिळण्याआधीच संकट आलं. मेम्फिसच्या एल्विस प्रेस्लीने १९५६ च्या जानेवारीत ‘हार्टब्रेक हॉटेल’ मुद्रित केलं ते नॅशव्हिलमध्येच, गिटारवर चेट ॲटकिन्स होता. गाणं पॉप आणि कंट्री दोन्ही याद्यांत पहिलं आलं. ज्या तरुण मुलामुलींनी कंट्रीच्या तबकड्या घ्यायच्या, ती रॉक अँड रोलकडे गेली. टेलिव्हिजनमुळे रेडिओवरचे मोठे गावरान कार्यक्रम ओस पडू लागले, आणि केंद्रंही एकामागून एक चाळीस लोकप्रिय गाणी फिरवून वाजवण्याच्या पद्धतीकडे वळली. १९६१ मध्ये अख्ख्या अमेरिकेत पूर्ण वेळ कंट्री वाजवणारी केंद्रं फक्त ८१ होती. गायक उत्तम, गाणी उत्तम, पण वाजवणार कोण? नॅशव्हिलमध्ये पुढे जे घडलं ते या भीतीतून घडलं, हे विसरलं की मग ‘विश्वासघात’ असे शब्द सुचू लागतात.

ते घडवलं मुख्यतः दोघांनी. चेट ॲटकिन्स आरसीए कंपनीचा, ओवेन ब्रॅडली डेक्काचा. ॲटकिन्स पूर्व टेनेसीच्या गरीब घरातला, आणि बोटांत जॅझसकट सगळं खेळवणारा गिटारवादक. ब्रॅडली नॅशव्हिलच्या नाचगाण्यांच्या समारंभांत वाद्यवृंद चालवलेला पियानोवादक. १९५५ मध्ये ओवेन आणि त्याचा भाऊ हॅरल्ड यांनी सोळाव्या ॲव्हेन्यूवर एक घर घेतलं आणि त्याच्या पाठीला लष्करी उरल्यासुरल्या मालातली पत्र्याची अर्धगोल शेड जोडली. तोच त्यांचा स्टुडिओ. भोवतालची घरं हळूहळू प्रकाशक आणि कंपन्यांनी घेतली आणि त्या वस्तीला ‘म्युझिक रो’ नाव पडलं.

त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. फिडल आणि स्टील गिटार मागे सारायची किंवा काढायचीच. नाकातला गळा नको. त्याऐवजी पार्श्वभूमीला ॲनिटा केर सिंगर्स किंवा जॉर्डनेअर्स यांचं मऊ समूहगान, फ्लॉइड क्रेमरचा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणारा पियानो, खालून ठाशीव पण हलका ताल, आणि पुढे पुढे व्हायोलिनांचा ताफा. गंमत पाहा, काढलं ते आणि आणलं ते वाद्य एकच! बसायची जागा, धरायची पद्धत आणि वाजवणाऱ्याचा वर्ग तेवढा बदलला. वादकांचा एक ठरलेला संच होता. ते शहरात दिवसभर एका स्टुडिओतून दुसऱ्यात जात. लिहिलेली स्वरलिपी बहुतेकांना नको असे. जॉर्डनेअर्सच्या नील मॅथ्यूजने स्वरसंगती आकड्यांनी लिहायची युक्ती काढली होती. गायकाची पट्टी बदलली तरी कागद तोच चाले. गाणं ऐकायचं, आकडे लिहायचे आणि वाजवायला लागायचं. तीन तासांच्या बैठकीत तीन-चार गाणी तयार होत.

१९५७ मध्ये ॲटकिन्सने जिम रीव्ह्जला मायक्रोफोनच्या अगदी जवळ उभं करून ‘फोर वॉल्स’ हळू आवाजात म्हणवून घेतलं. त्याआधी रीव्ह्ज मोकळ्या गळ्याने, जत्रेत गावं तसा गाई. आता तो कानाशी बोलू लागला. हाच आवाज पुढे दक्षिण आफ्रिकेपासून भारत-श्रीलंकेपर्यंत पोचला. गोव्यातल्या आणि मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या दिवसांत अजूनही जिम रीव्ह्ज लागतो, आणि त्या पिढीला कंट्री म्हटलं की हाच मखमली सूर आठवतो. म्हणजे आपल्यापर्यंत कंट्री पोचली तीच फिडल काढून टाकल्यानंतरची.

ब्रॅडलीच्या हाती पॅट्सी क्लाइन आली. व्हर्जिनियातली ही मुलगी आईने शिवलेले झालरींचे काऊगर्ल पोशाख घालून गाई, झटक्याने स्वर पालटत गाण्याची योडल ही तऱ्हा तिला आवडे, आणि संथ पॉप धाटणीची गाणी तिला नको असत. दोघांचे वाद होत. १९६१ च्या जूनमध्ये तिला मोटारीचा भीषण अपघात झाला. ऑगस्टमध्ये ती कुबड्या घेऊन स्टुडिओत आली तेव्हा नवं गाणं होतं ‘क्रेझी’, विली नेल्सन नावाच्या गीतकाराचं. मोडलेल्या बरगड्यांमुळे वरचे सूर लागेनात. ब्रॅडलीने वाद्यं मुद्रित करून ठेवली आणि काही आठवड्यांनी तिला परत बोलावून नुसता गळा घेतला. ते गाणं पॉपच्या पहिल्या दहांत गेलं. ५ मार्च १९६३ रोजी ती विमान अपघातात गेली, तेव्हा ती ३० वर्षांची होती. पुढच्याच वर्षी जिम रीव्ह्जही तसाच गेला.

‘क्रेझी’ मी कितीदा ऐकलं असेल, पण त्यात मुळं तुटल्याची खूण मला सापडत नाही. जाणूनबुजून चुकीच्या माणसावर जीव लावणारी, आपली फजिती स्वतःलाच समजावणारी बाई त्यात आहे, आणि ती हँक विल्यम्सच्या गाण्यांतल्या माणसांची सख्खी नातेवाईक आहे. वाद्यं बदलली होती. गाण्यात राहणारी माणसं बदलली नव्हती. याच ब्रॅडलीने केंटकीच्या खाणकामगाराची मुलगी लोरेटा लिन हिलाही घडवलं. लवकर लग्न, पदरात पोरं, नवऱ्याची दारू, हे सगळं तिने अंगच्या उच्चारांत गायलं आणि ब्रॅडलीने तिचे उच्चार घासूनपुसून घेतले नाहीत. १९७५ मध्ये तिचं गर्भनिरोधक गोळीवरचं ‘द पिल’ आलं तेव्हा अनेक कंट्री केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. रेडिओला मऊ सूर हवे होतेच, आता विषयही मऊ हवे होते. माझ्या मते खरी धोक्याची घंटा ही होती.

रेडिओ तोवर पालटला होता. १९५८ मध्ये स्थापन झालेली कंट्री म्युझिक असोसिएशन ही संस्था मुळात जाहिरातदारांना पटवण्यासाठी होती. तिचे लोक शहराशहरांत जाऊन जाहिरात कंपन्यांना सांगत की कंट्री ऐकणारा आता अनवाणी शेतकरी नाही. तो शहरात घर घेतो, गाडी घेतो, फ्रीज घेतो. हे खरंही होतं. १९६९ पर्यंत पूर्ण वेळ कंट्री केंद्रं ६०० च्या वर गेली. नॅशव्हिल तगलं. ‘नॅशव्हिल साउंड म्हणजे काय’ असं विचारल्यावर ॲटकिन्स खिशातली नाणी वाजवून दाखवी, असं सांगतात. नंतर मात्र, आपण कंट्रीला पॉपच्या फार जवळ नेलं, अशी खंत त्याने बोलून दाखवली.

या काळातली एक गोष्ट नॅशव्हिलच्या इतिहासात बाजूला पडते. १९६२ मध्ये रे चार्ल्सने कंट्री गाण्यांचा अख्खा अल्बम व्हायोलिनं आणि समूहगान घेऊन केला. तो १४ आठवडे देशात अव्वल होता; डॉन गिब्सनचं ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ पाच आठवडे पहिलं होतं. गाणी नॅशव्हिलची, मांडणीही नॅशव्हिलच्याच वळणाची, तरी कंट्रीच्या यादीत ते गाणं आलंच नाही. गोऱ्या गायकामागे तीच व्हायोलिनं वाजली की कंट्री, काळ्या गायकामागे वाजली की पॉप. कंट्रीची हद्द सुरांनी आखलेली नव्हती, हे याहून स्पष्ट कशाने दिसेल?

नॅशव्हिलच्या या मऊ सुरांना विरोध झाला तो कॅलिफोर्नियातून. बेकर्सफील्ड हे तेलविहिरी आणि कापसाच्या शेतांचं गाव. १९३० च्या दशकातल्या दुष्काळात ओक्लाहोमा-टेक्सासहून पळून आलेल्यांची मुलं तिथे वाढली. बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्ड यांनी टेलिकास्टर गिटारचा करकरीत आवाज, ड्रम आणि स्टील गिटार पुढे आणली. १९६५ मध्ये ओवेन्सने एका नॅशव्हिली मासिकात जाहिरात देऊन शपथच घेतली की आपण कंट्री नसलेलं गाणं गाणार नाही. त्याच वर्षी त्याने चक बेरीचं रॉक अँड रोल गाणं ‘मेम्फिस’ बाजारात आणलं. लोक चकित झाले. त्याचं म्हणणं होतं की ते कंट्रीच आहे. माझ्या कानाला त्याचं पटतं.

नॅशव्हिलमध्ये मात्र व्हायोलिनं वाढतच गेली. एपिक कंपनीच्या बिली शेरिलने टॅमी वायनेट आणि चार्ली रिच यांना भव्य वाद्यवृंदात बसवलं. रिचचं ‘द मोस्ट ब्यूटिफुल गर्ल’ १९७३ च्या डिसेंबरात पॉपच्या यादीत पहिलं आलं. १९७४ च्या मार्चमध्ये ऑप्रीने शहराच्या मध्यातलं रायमन सभागृह सोडलं. १८९२ मध्ये प्रार्थनामंदिर म्हणून बांधलेली ती वास्तू, चर्चसारखी बाकं, उकाडा. नवं सभागृह शहराबाहेर, करमणूक उद्यानात, वातानुकूलित. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष निक्सन आले होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असोसिएशनने सर्वोत्तम गायिकेचा पुरस्कार ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला दिला. इंग्लंडात जन्मलेली, ऑस्ट्रेलियात वाढलेली. स्पर्धेत लोरेटा लिन होती, डॉली पार्टन होती. महिन्याभरात जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांच्या घरी कलावंत जमले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. रेडिओवर पारंपरिक गायकांना जागा मिळावी, संस्थेच्या कारभारात त्यांचं प्रतिनिधित्व असावं, अशा मागण्या होत्या. त्यांची थट्टा करणं सोपं आहे, कारण टॅमी वायनेटच्या स्वतःच्या रेकॉर्डांवर शेरिलची व्हायोलिनं होती. पण त्यांची काळजी पोटाची होती. केंद्राकडे ठरावीक गाण्यांची जागा, त्यातली निम्मी बाहेरच्यांनी घेतली तर रस्त्यावर वर्षभर बसने फिरून गाणाऱ्याने जायचं कुठे? पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९७५ रोजी, सर्वोच्च पुरस्काराचं नाव वाचायला चार्ली रिच मंचावर आला. पाकीट उघडलं, पॉपकडच्या जॉन डेन्व्हरचं नाव पाहिलं, लायटर काढून कागद पेटवला आणि मग नाव जाहीर केलं. डेन्व्हर ऑस्ट्रेलियातून उपग्रहाद्वारे आभार मानत होता. त्याला काही दिसलं नाही. रिचच्या मुलाने पुढे सांगितलं की वडील औषधांच्या आणि दारूच्या अमलाखाली होते आणि त्यांना ती थट्टा वाटली होती. जमलेल्यांनी त्याचा अर्थ बंड असाच घेतला.

ती संघटना काही वर्षांतच विरली. तिच्या बाजूने उभी राहिलेली डॉली पार्टन १९७७ मध्ये ‘हिअर यू कम अगेन’ घेऊन आली आणि पॉपमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेली. गाणं न्यूयॉर्कच्या व्यावसायिक गीतकारांचं. निदान एवढी तरी खूण राहू दे म्हणून तिने त्यात स्टील गिटार घालायला लावली. दुसऱ्या टोकाला विली नेल्सन नॅशव्हिलला कंटाळून टेक्सासमध्ये ऑस्टिनला गेला. १९७५ चा त्याचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ इतका उघडावाघडा होता की कंपनीतल्या साहेबांना तो कच्चा नमुना वाटला. तो तुफान चालला. आणि १९८० मध्ये जॉर्ज जोन्सने मरेपर्यंत एकाच बाईवर प्रेम करणाऱ्या माणसाचं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ गायलं. निर्माता शेरिल, व्हायोलिनं भरपूर. तरी कंट्रीतलं सर्वोत्तम गाणं कोणतं, असं विचारलं की बहुतेक जाणकार त्याचंच नाव घेतात.

१९८० च्या उन्हाळ्यात जॉन ट्रॅव्होल्टाचा ‘अर्बन काऊबॉय’ हा चित्रपट आला. शहरांत काऊबॉय टोप्या आणि बूट घातलेल्यांची गर्दी झाली, कंपन्यांनी त्या गर्दीसाठी गुळगुळीत गाणी काढली, आणि चार-पाच वर्षांत ती गर्दी निघून गेली. विक्री कोसळल्यावर कंपन्यांना एकदम परंपरा आठवली. नॅशव्हिलच्या एका क्लबात स्वयंपाकघरात राबणारा, ‘फारच कंट्री’ म्हणून नाकारला गेलेला रँडी ट्रॅव्हिस १९८६ मध्ये ‘स्टॉर्म्स ऑफ लाइफ’ घेऊन आला आणि त्याच्या लाखो प्रती गेल्या. मुळांकडे परतणं हाही कंपन्यांसाठी तेव्हा एक धंद्याचा निर्णय होता. गाणी मात्र खरी होती.

त्यानंतर एका तांत्रिक बदलाने सगळं हलवलं. १९९१ च्या मेपर्यंत ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या याद्या दुकानदारांच्या तोंडी माहितीवर बनत आणि दुकानदार रॉकच्या बाजूने झुकत. मग गल्ल्यावरच्या यंत्राने मोजणी सुरू झाली, आणि कळलं की कंट्री समजलं जात होतं त्याहून कितीतरी जास्त खपते. सप्टेंबरात गार्थ ब्रुक्सचा ‘रोपिन द विंड’ सगळ्या प्रकारांच्या एकत्र यादीत पहिल्याच आठवड्यात अव्वल आला. कंट्रीच्या बाबतीत हे प्रथमच घडत होतं. ओक्लाहोमाचा हा पदवीधर जाहिरातशास्त्र शिकलेला होता, पारंपरिक कंट्री गायक जॉर्ज स्ट्रेटचा भक्त होता आणि रॉक बँडांच्या आतषबाजीचाही. कॅनडाच्या शनाया ट्वेनने ती दिशा टोकाला नेली. तिचा निर्माता मट लँग एसी/डीसी आणि डेफ लेपर्ड या रॉक बँडांचे अल्बम केलेला. १९९७ चा ‘कम ऑन ओव्हर’ जगभर सुमारे चार कोटी प्रती खपला, आणि परदेशांसाठी त्याची वेगळी आवृत्ती काढली त्यात फिडल आणि स्टील गिटार कमी केलेली होती. २००२ च्या ‘अप!’मध्ये तर तीच गाणी तीन रंगांत मिळाली: पॉप, कंट्री, आणि बर्मिंगहॅमच्या सायमन व डायमंड दुग्गल बंधूंनी सजवलेली भारतीय वळणाची. फिडल आता हवी तर घ्यावी, नको तर काढावी अशी सजावट झाली होती.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने किती रेडिओ केंद्रं बाळगावीत यावरची देशव्यापी मर्यादा उठली. त्याआधी ती ४० होती; काही वर्षांत क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे सुमारे १,२०० केंद्रं आली. कोणतं गाणं वाजवायचं हे गावातला निवेदक ठरवेनासा झाला. जुन्या गायकांची जागाही आकसली: असोसिएशनच्या १९९९ च्या पुरस्कार सोहळ्यात जॉर्ज जोन्सला ‘चॉइसेस’ हे गाणं कापून म्हणायला सांगितलं. तो मरणाच्या दारातून परतला होता. तो घरी बसला. सोहळ्यात गायक ॲलन जॅक्सनने आपलं गाणं मध्येच थांबवलं, ‘चॉइसेस’ म्हटलं आणि मंचावरून निघून गेला.

२०१२ मध्ये ‘बिलबोर्ड’ने कंट्रीच्या यादीत पॉप केंद्रांवरचं प्रसारणही धरायला सुरुवात केली. फ्लोरिडा जॉर्जिया लाइनचं ‘क्रूझ’ रॅपर नेलीच्या आवाजातली आवृत्ती धरून एकूण २४ आठवडे पहिलं राहिलं. ट्रक, बिअर, उन्हाळ्याची रात्र, शेजारी बसलेली सुंदर मुलगी. बाई त्या काळातल्या कित्येक गाण्यांत गाडीतल्या सीटपुरतीच उरली. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने उघडपणे सल्ला दिला की केंद्रांनी दोन गायिकांची गाणी लागोपाठ लावू नयेत. पुरुष गायक हा सॅलडमधला पाला, बायका म्हणजे मधूनमधून टाकायचे टोमॅटो. ज्या संगीतात पॅट्सी क्लाइन आणि लोरेटा लिन झाल्या, त्यात हे बोललं गेलं. इथे मला हानी दिसते, व्हायोलिनांत कधी दिसली नाही. नोकरी गेलेला, लग्न मोडलेला, कर्जात रुतलेला, देवाशी भांडणारा माणूस रेडिओवरून हद्दपार झाला. त्याच्याकडे नव्या ट्रकचे पैसे नसतात, आणि जाहिरातदाराला त्याचं दुःख ऐकवायचं नसतं.

मात्र गेल्या काही वर्षांत रेडिओची मक्तेदारीच सैल झाली आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात असोसिएशनच्या पुरस्कार सोहळ्यात ख्रिस स्टेपलटनने पॉपतारा जस्टिन टिंबरलेकबरोबर गायलं आणि त्याचा दारू-ब्लूजने भरलेला ‘ट्रॅव्हलर’ हा अल्बम एका आठवड्यात अव्वल गेला. २०१९ मध्ये काळ्या लिल नॅस एक्सचं ‘ओल्ड टाउन रोड’ कंट्रीच्या यादीतून काढलं गेलं, आणि मग ते सर्वसाधारण यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं. २०२४ मध्ये बियॉन्से कंट्रीच्या यादीत पहिली आलेली पहिली काळी स्त्री ठरली. तिच्या अल्बमवर लिंडा मार्टेलचा आवाज आहे, जिने १९६९ मध्येच ऑप्रीत गायलं होतं. झॅक ब्रायन हा नौदलातला तरुण बराकीबाहेर उभा राहून गिटारवर गायला, ते इंटरनेटवर पसरलं. कंट्री रेडिओची वाट त्याने पाहिलीच नाही.

आणि केंटकीचा टायलर चाइल्डर्स. २०२० च्या सप्टेंबरात त्याने अचानक ‘लाँग व्हायोलंट हिस्ट्री’ हा अल्बम काढला. नऊपैकी आठ तुकडे फिडलवर वाजवलेले, बहुतेक जुन्या चाली, शब्द नाहीत. नवव्यात तो गातो, काळ्या माणसांवर पोलिसांनी केलेल्या हिंसेबद्दल. सोबत एक चित्रफीत ठेवून त्याने आपल्याच डोंगरांतल्या गोऱ्या श्रोत्यांना विचारलं की हे आपल्या पोरांच्या बाबतीत रोज घडत असतं तर आपण काय केलं असतं.